प्रश्न तुमचे : देवाने आधीच ठरवलंय, मग आपलं काय?

गेल्या अंकात बायबलमधल्या इफिसकरांस पत्राच्या पहिल्या अध्यायावर जरा लिहिलं होतं. ते पत्र लिहिणारा प्रेषित पौल तिथे म्हणतो की जगाचा पाया घालायच्या आधीच देवाने आपल्याला ख्रिस्तात निवडून घेतलं, आणि काळ पूर्ण झाला की स्वर्गातलं नि पृथ्वीवरचं सगळं ख्रिस्तात एकत्र आणायचं असा त्याचा बेत आहे. ह्यालाच चर्चमधे देवाची सनातन तारणयोजना म्हणतात (तारण म्हणजे पापातून नि मरणातून सुटका). मला वाटलेलं लोक वाचतील आणि पान उलटतील, पण ह्या खेपेला आलेत तेवढे प्रश्न कधीच आले नव्हते. कोणी चिडून लिहिलंय, कोणी घाबरून, आणि एका ताईंचं पत्र वाचल्यावर तर लगेच काही लिहवेना. नावं छापत नाही, गाव तेवढं देतो.

प्रश्न (नाशिक) : सर मी ख्रिस्ती नाही, मित्राकडे तुमचं मासिक येतं म्हणून वाचतो. आमच्याकडे म्हणतात बाळ जन्मलं की पाचवी-सहावीच्या रात्री सटवाई येते आणि कपाळावर लिहून जाते. तुमचा देव तर जग व्हायच्या आधीच लिहून बसलाय. फरक काय राहिला? आणि आदामाने फळ खाल्लं तेही लिहिलेलंच असेल तर त्या बिचाऱ्याला बागेतून हाकललं कशाला?

उत्तर : फरक सांगतो, मोठा आहे. सटवाई लिहिते ते एकेका माणसाचं, किती जगणार, लग्न कुठे होणार, हातात पैसा टिकणार की नाही. लिहिलं की ती गेली, पुढे त्या पोराचं काय झालं ह्याच्याशी तिला देणंघेणं नाही, आणि लिहिलेलं तिला स्वतःलाही पुसता येत नाही. पौल बोलतोय ते वेगळंच आहे. जगाच्या आधी देवाने पहिलं काही ठरवलं असेल तर ते स्वतःबद्दल ठरवलं, की मी माणसाला सोडणार नाही, मी स्वतः त्याच्यासाठी येणार आणि त्याला माझं लेकरू करून घेणार, मग त्याची किंमत काय पडायची ती पडो. पहिल्या अध्यायातली ३ ते १४ ही वचनं मूळ ग्रीकमधे एकच वाक्य आहे बरं का, (माझ्या वाक्यांना नावं ठेवणाऱ्यांनी नोंद घ्यावी), आणि त्या एका वाक्यात "ख्रिस्तात", "त्याच्यात" असं दहाएक वेळा येतं. कोण आत आणि कोण बाहेर ह्याची यादी त्यात शोधून सापडत नाही. सगळा परिच्छेद स्तुतीचा आहे, पौल कैदेत बसून देवाचे आभार मानतोय. मागच्या शतकात कार्ल बार्थ ह्या स्विस पंडिताने १९४२ साली एक जाडजूड भागच ह्यावर लिहिला, त्याचं म्हणणं असं की देवाची निवड म्हणजे आधी येशू ख्रिस्त, निवडणाराही तोच आणि निवडलेला माणूसही तोच, बाकी आपण सगळे त्याच्यामागून. सगळ्यांना हे पटलं नाही, पण मला हे पौलाच्या जवळचं वाटतं आणि ह्या पानावरची माझी सगळी उत्तरं त्याच बाजूने झुकलेली आहेत हे आधीच सांगून ठेवतो.

ही योजना बायबलमधे दिसते कशी तर एका माणसापासून सुरू होऊन सगळ्यांपर्यंत पसरताना दिसते. आदाम-हव्वा चुकतात तिथल्या तिथेच सापाला सांगितलं जातं की हिची संतती तुझं डोकं फोडेल, मग आब्राहामाला घरदार सोडायला लावून सांगतात की तुझ्यामुळे पृथ्वीवरची सगळी कुळं आशीर्वादित होतील, मग मोशे, मिसरमधून सुटका, दावीदाचं घराणं, बाबेलची बंदी, यशया म्हणतो नुसतं इस्राएलला उठवणं ही थोडकी गोष्ट आहे, मी तुला राष्ट्रांसाठी प्रकाश करीन, आणि हे सगळं येऊन थांबतं बेथलेहेमात नि मग यरुशलेमबाहेरच्या वधस्तंभापाशी.

आता आदाम. चर्चची बहुतेक सगळी घराणी म्हणतात की देवाला ते माहीत होतं पण त्याने ते करायला लावलं नाही. तुम्ही म्हणाल हा शब्दांचा खेळ झाला. तर मग योसेफाची गोष्ट घ्या, उत्पत्तीच्या ३७ व्या अध्यायापासून. भाऊ त्याचा तो खास झगा ओरबाडून काढतात, त्याला कोरड्या विहिरीत टाकतात, आणि पुढचंच वाक्य काय, तर ते जेवायला बसले. पोरगा खाली ओरडत असणार आणि हे वर भाकर मोडतायत. मग व्यापाऱ्यांचा तांडा दिसतो आणि चांदीच्या २० नाण्यांना सौदा होतो. ह्यात त्यांच्या हाताला कोणी धरून काही करवलेलं नाही, जे केलं ते पोट भरून, शांतपणे, स्वतःच्या अकलेने केलं. आणि कितीतरी वर्षांनी, दुष्काळात, मिसरचा कारभारी झालेला तोच योसेफ त्यांना म्हणतो की तुम्ही माझं वाईट योजलंत पण देवाने त्यातून चांगलं योजलं, पुष्कळ लोकांचा जीव वाचावा म्हणून. दोन योजना, एकच घटना. भावांचा गुन्हा माफ झाला पण तो गुन्हाच नव्हता असं योसेफ म्हणत नाही. पेंटेकॉस्टच्या दिवशी, म्हणजे शिष्यांवर पवित्र आत्मा उतरला त्या दिवशी, येशूचा शिष्य पेत्र येशूच्या मरणाबद्दल अगदी असंच बोलतो, एकाच दमात म्हणतो की हे देवाच्या ठरलेल्या संकल्पाने झालं आणि तुम्ही त्याला मारलंत. दोन्ही कसं जुळतं ते पेत्र सांगत बसत नाही आणि बायबलमधे दुसरं कोणीही सांगत नाही, मीही सांगण्याचा आव आणत नाही.

एक मजेशीर गोष्ट मात्र सांगतो. कॅथलिक चर्चमधे ईस्टरच्या आदल्या रात्री अंधारात मोठी मेणबत्ती पेटवून एक फार जुनं स्तोत्र गातात, त्यात आदामाच्या पापाला चक्क धन्य म्हटलंय, कारण त्याच्यामुळे असा तारणारा मिळाला! मध्ययुगात ह्यावरून वाद होता. आदाम चुकलाच नसता तर देव माणूस झाला असता का? त्या काळचा मोठा धर्मपंडित थॉमस अक्वायनस म्हणाला बायबल तर दर वेळी पापाचंच कारण देतं, तेव्हा बहुधा नाही. फ्रान्सिस्कन संघाचा डन्स स्कोटस (मृत्यू १३०८) म्हणाला नाही हो, येणं आधीच ठरलेलं होतं, प्रेमाने, पाप झालं म्हणून फक्त त्या येण्याला दुःखाची वाट घ्यावी लागली. मी स्कोटसवाला. देवाने माणसात यायचं ते केवळ दुरुस्तीचं काम निघालं म्हणून, हे मला कधी पचलंच नाही.

प्रश्न (पुणे, इंजिनिअरिंगचा विद्यार्थी) : यूट्यूबवर काही पास्टरांचे व्हिडिओ बघतो, त्यात सांगतात की देवाने काहींनाच निवडलंय, ख्रिस्त फक्त त्यांच्यासाठीच मेला, आणि निवडलेला नसेल तर कितीही प्रार्थना करा उपयोग नाही. मी चर्चला जातो, वचन वाचतो, पण मी लिस्टमधे नसेन तर? झोप लागत नाही.

उत्तर : अरे, आधी हे मुद्दे आले कुठून ते ऐक, म्हणजे त्यांचा धाक थोडा कमी होईल. हॉलंडमधे याकोब आर्मिनियस नावाचा प्राध्यापक होता. देव आपल्याच मर्जीने निवडतो असं शिकवणाऱ्या सुधारक जॉन कॅल्व्हिनच्याच घराण्यात शिकलेला, पण त्याला वाटायचं की देव निवडतो ते माणूस विश्वास ठेवणार हे आधी पाहून. तो १६०९ ला गेला, पुढच्या वर्षी त्याच्या मंडळींनी पाच मुद्द्यांचा अर्ज दिला, आणि त्या पाचांना उत्तर म्हणून डॉर्ट गावच्या धर्मसभेने (१६१८-१९) आपले निर्णय दिले. तुझ्या व्हिडिओतले ते प्रसिद्ध पाच मुद्दे तिथले. म्हणजे ती एका भांडणातल्या एका बाजूची उत्तरं आहेत. बायबल सगळं वाचून कोणी शांतपणे काढलेला सारांश समजू नकोस. आणि भांडण नुसतं धर्माचं नव्हतं, राजकारण गळ्यापर्यंत होतं. सभा संपते न संपते तोच, मे १६१९ मधे, आर्मिनियसवाल्यांची बाजू घेणारा म्हातारा पुढारी ओल्डनबार्नेव्हेल्ट ह्याचा शिरच्छेद झाला, त्याच बाजूचा पंडित ह्यूगो ग्रोशियस ह्याला जन्मठेप झाली आणि तो १६२१ मधे पुस्तकांच्या पेटीत लपून किल्ल्यातून पळाला. (बायकोची आयडिया होती. ह्या सगळ्या प्रकरणात मला तीच सगळ्यात हुशार वाटते.)

पुढे इंग्लंडमधे मेथडिस्ट चळवळ सुरू करणाऱ्या जॉन वेस्लीने १७३९ मधे ह्या शिकवणीविरुद्ध कडकडीत प्रवचन छापलं, त्याचा जिवलग जॉर्ज व्हाइटफील्ड कॅल्व्हिनवाला, त्याने उत्तर छापलं, जाहीर फाटलं दोघांचं. पण १७७० मधे व्हाइटफील्ड गेला तेव्हा लंडनमधे त्याच्यासाठी प्रवचन दिलं ते वेस्लीनेच. आणि आपल्याकडे बघ. १८१३ पासून मुंबईत आलेले अमेरिकन मिशनरी, नंतरचे स्कॉटिश मिशनरी, हे सगळे कॅल्व्हिनच्या घरातले. पण २९ नोव्हेंबर १९७० ला नागपुरात सीएनआय (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया) स्थापन झालं तेव्हा प्रेस्बिटेरियन-काँग्रिगेशनल परंपरेचे लोक, अँग्लिकन, बॅप्टिस्ट आणि ब्रिटिश मेथडिस्ट परंपरेचेही लोक एकाच मंडळीत आले. म्हणजे डॉर्टवाल्यांचे आणि वेस्लीचे वारस आज एका बाकावर बसून एकाच प्याल्यातून प्रभुभोजन घेतात. ह्या प्रश्नावरून चर्च मोडायची गरज नाही असं निदान आपल्या लोकांनी तरी ठरवलंय.

आता तुझी झोप. विल्यम काउपर नावाचा इंग्रज कवी होता (१७३१-१८००). ओल्नी गावात जॉन न्यूटनच्या सोबतीने त्याने लिहिलेली भक्तिगीतं आजही जगभर गातात. ह्या माणसाला १७७३ मधे एक स्वप्न पडलं आणि त्याची खात्रीच झाली की देवाने मला टाकलंय. त्यानंतर तो जवळपास २७ वर्षं जगला, कविता लिहिल्या, ससे पाळले, होमर इंग्रजीत आणला, आणि ती खात्री काही त्याला सोडून गेली नाही. त्याची गीतं गाऊन हजारोंना धीर आला, त्याला स्वतःला नाही. काउपर आजारी होता रे, तरुणपणीच सेंट ऑल्बन्सच्या मनोरुग्णालयात राहून आलेला होता. म्हणून काही पास्टर म्हणतात ना, "तुला काळजी वाटते हीच निवडल्याची खूण", ते मी तुला म्हणणार नाही. काळजीवरून काहीच सिद्ध होत नाही, ना इकडचं ना तिकडचं. झोप खरंच उडाली असेल तर डॉक्टरला दाखव, त्यात विश्वास कमी पडला वगैरे काही नसतं.

आणि ज्या कॅल्व्हिनच्या नावाने हे चाललंय त्याने स्वतः काय सांगितलंय? की देवाच्या गुप्त ठरावात डोकावून आपलं नाव आहे का शोधू नका, त्या चक्रव्यूहात शिराल तर बाहेर यायचे नाही, ख्रिस्त हा आरसा आहे, आपली निवड बघायची तर त्याच्याकडे बघा. कॅल्व्हिनचे व्हिडिओ बनवणारे हे पान का गाळतात मला कळत नाही. योहानाच्या सहाव्या अध्यायात ३७ व्या वचनात दोन वाक्यं शेजारी शेजारी आहेत, पिता जे मला देतो ते सगळे माझ्याकडे येतील, आणि जो माझ्याकडे येतो त्याला मी मुळीच घालवून देणार नाही. पहिलं वाक्य देवाच्या बाजूचं आहे, ते त्याच्याकडे राहू दे. दुसरं तुझ्यासाठी आहे. तू आलायस ना? मग विषय संपला. व्हिडिओ थोडे दिवस बंद कर.

प्रश्न (वसई) : माझं बाळ जन्मल्यावर काही तासांत गेलं. स्नानसंस्कार (बाप्तिस्मा) करायला वेळच मिळाला नाही. घरातली मोठी माणसं म्हणतात अशी बाळं लिंबोत जातात, देवाला कधी बघू शकत नाहीत. देवाच्या योजनेत माझ्या बाळाचं काय होतं?

उत्तर : ताई, तुमच्या घरातली मोठी माणसं मुद्दाम दुखवायला बोलत नसतील, त्यांना लहानपणी तेच शिकवलं होतं. पण ते चर्चचं शिक्षण म्हणून धरून बसायचं कारण नाही आणि का नाही ते नीट सांगतो, म्हणजे पुन्हा कोणी बोललं तर तुमच्याकडे उत्तर असेल.

पाचव्या शतकात ऑगस्टीन नावाचा बिशप पेलाजियस नावाच्या धर्मशिक्षकाशी भांडत होता. पेलाजियस म्हणे माणूस आपल्या जोरावर चांगला होऊ शकतो, ऑगस्टीन म्हणे कृपेशिवाय कोणीच नाही, तान्हं बाळसुद्धा नाही. त्या भरात तो इथवर गेला की बाप्तिस्मा न झालेल्या बाळांनाही शिक्षा असते, सौम्यातली सौम्य पण शिक्षाच. लोकांना हे सहन होईना. म्हणून मध्ययुगातल्या पंडितांनी मधला मार्ग काढला, की तिथे दुःख नाही, यातना नाही, एक प्रकारचं नैसर्गिक सुख आहे, फक्त देवाचं दर्शन नाही. ते हे लिंबो. म्हणजे ते निघालं तेच मुळात कळवळ्यातून. पण तो विद्वानांचा अंदाज होता, चर्चने त्याला विश्वासाचं कलम कधीच केलं नाही. १९९२ च्या कॅथलिक धर्मशिक्षणाच्या अधिकृत ग्रंथात परिच्छेद १२६१ वाचा, त्यात लिंबोचा शब्दही नाही. त्यात लिहिलंय की अशा बाळांना चर्च देवाच्या दयेवर सोपवतं, आणि तिथे दोन वचनांचा आधार आहे, सगळ्या माणसांचं तारण व्हावं अशी देवाची इच्छा आहे हे तीमथ्याच्या पहिल्या पत्रातलं, आणि बाळकांना माझ्याजवळ येऊ द्या, त्यांना अडवू नका, हे येशूचं. पुढे २००७ मधे व्हॅटिकनच्या आंतरराष्ट्रीय धर्मपंडित आयोगाने फक्त ह्याच एका प्रश्नावर सविस्तर निवेदन काढलं, पोप बेनेडिक्ट सोळावे ह्यांच्या संमतीने. त्यात म्हटलंय की लिंबोची कल्पना देवाच्या तारणाच्या इच्छेला फार आखडून टाकते आणि ही बाळं तारली जातात अशी आशा धरायला भक्कम आधार आहेत. आशा म्हणतात, खात्री म्हणत नाहीत, कारण बायबलमधे थेट लिहिलेलं नाही. पंडितांनी त्यांची मर्यादा पाळली, ठीक आहे. मी पंडित नाही. ज्याने जगाच्या आधी आपल्याला लेकरं करून घ्यायचं ठरवलं तो वेळ कमी पडला म्हणून तुमच्या बाळाला दाराबाहेर ठेवेल, असं मी एक क्षणही मानत नाही.

आणि एक करा. अंत्यविधी झाला नसेल, किंवा घाईत उरकला असेल, तर तुमच्या फादरांशी बोला. बाप्तिस्म्याआधी गेलेल्या बाळासाठी वेगळ्या प्रार्थना १९६९ च्या अंत्यविधीच्या पुस्तकातच घातलेल्या आहेत, आईबापांची बाप्तिस्मा द्यायची इच्छा होती एवढं पुरतं, बिशपांची परवानगी मिळते. आता उशीर झाला असेल तरी बाळाच्या नावाने मिस्सा करून घ्या. बाळाचं नाव ठेवलं होतं ना? ते नाव घेऊनच करा. जी माणसं बोलली त्यांनाही बोलवा.

प्रश्न (अहिल्यानगर) : येशू येऊन दोन हजार वर्षं झाली. त्याआधी माणूस होताच की. आणि नंतरही ज्यांना कधी सुवार्ता ऐकायलाच मिळाली नाही, आपले ज्ञानोबा-तुकोबा, त्यांचं काय? आमचे पाळक म्हणतात ह्यावर बोलू नये.

उत्तर : तुमच्या गावात हा प्रश्न विचारायचा नाही म्हणजे कमालच झाली! नारायण वामन टिळकांचं गाव ते. १८९५ साली मुंबईत बाप्तिस्मा घेतलेले, नगरला राहिलेले टिळक उघड म्हणत की मी ख्रिस्ताच्या पायाशी आलो तो तुकोबांच्या पुलावरून. ज्या पुलावरून आपला सगळ्यात मोठा ख्रिस्ती कवी चालत आला तो पूल देवाच्या योजनेबाहेर कोणी बांधला होता म्हणायचं?

पण भावनेवर सोडत नाही. येशूच्या आधीच्यांबद्दल आपण दर रविवारी कबुली देतोच, प्रेषितांच्या मतांगीकारात, "तो अधोलोकात उतरला". पटकन म्हणून पुढे जातो, थांबून विचार कोण करतं. पूर्वेकडच्या ऑर्थोडॉक्स चर्चमधे पुनरुत्थानाचं चित्र काढतात ते ह्याच प्रसंगाचं. इस्तंबूलच्या चोरा चर्चमधे (आता तिथे मशीद आहे) चौदाव्या शतकातलं भित्तिचित्र आहे, फोटो शोधून बघा. पांढऱ्या कपड्यातला येशू दोन्ही पाय फाकून उभा, पायाखाली अधोलोकाची मोडलेली दारं, कुलपं आणि बिजागऱ्या इकडेतिकडे विखुरलेल्या, बांधून टाकलेला सैतान, आणि येशू एका हाताने आदामाला नि दुसऱ्याने हव्वेला कबरीतून खेचून काढतोय. हात कुठे धरलाय बघा. मनगट धरलंय. त्यांच्या बोटांत पकडायचं बळ आहे की नाही ह्याचा प्रश्नच ठेवलेला नाही, ओढणाऱ्याने ओढलंय. आणि मागे दावीद, शलमोन, बाप्तिस्मा करणारा योहान असे सगळे जुने लोक रांगेत.

नंतरच्यांबद्दल कॅथलिक चर्चने २१ नोव्हेंबर १९६४ ला दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेत लेखी दिलंय, की ज्यांना स्वतःच्या दोषाशिवाय ख्रिस्ताची सुवार्ता माहीत नाही पण जे खऱ्या मनाने देवाला शोधतात आणि कृपेच्या प्रेरणेने विवेकाला धरून जगतात त्यांनाही सार्वकालिक तारण मिळू शकतं. तारतो तो ख्रिस्तच, हे त्यात सोडलेलं नाही. त्याआधीची एक गंमत सांगतो. बॉस्टनमधे लेनर्ड फीनी नावाचे जेझुइट (येशूसंघाचे) फादर होते, ते चर्चबाहेर कोणाचंही तारण नाही हे इतकं ताणून शिकवायला लागले की १९४९ मधे रोमहून पत्र आलं, असं नाही म्हणून. ऐकेनात, रोमला बोलावलं तर जाईनात. शेवटी १९५३ मधे त्यांनाच चर्चबाहेर काढलं! १९७२ मधे परत घेतलं म्हणा.

इव्हँजेलिकल मंडळींना (सुवार्ताप्रसारावर भर देणाऱ्या प्रोटेस्टंटांना) हे पटत नाही हेही प्रामाणिकपणे सांगायला हवं. ते रोमकरांस पत्राचा दहावा अध्याय दाखवतात, ऐकल्याशिवाय विश्वास कसा ठेवणार आणि सांगणाऱ्याशिवाय ऐकणार कसे, आणि सुवार्ता सांगायची निकड त्यातूनच येते. मुद्दा हलका नाहीच. पण पौलाने तो प्रश्न सुवार्तिकांना पाठवण्यासाठी विचारलाय, तुकोबांचा निकाल लावायला नाही. पाळकांना माझा नमस्कार सांगा आणि हा कागद दाखवा.

प्रश्न (मडगाव) : आजोबा ख्रिस्तपुराणाच्या ओव्या म्हणायचे. त्याचा ह्या योजनेशी काही संबंध आहे का?

उत्तर : संबंध? अहो ते सगळं तेच आहे. फादर थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट १५७९ ला गोव्यात आला, आपली भाषा शिकला आणि अकरा हजारांच्या आसपास ओव्या रचून १६१६ मधे तुमच्याच जवळच्या राशोलला त्याने हे छापलं, रोमन लिपीत. पहिल्या पुराणात सृष्टीपासून तारणाऱ्याची वाट बघण्यापर्यंत, दुसऱ्यात येशूचं चरित्र. तारणयोजना जशी समजावायची तशीच, पहिल्यापासून, गोष्ट सांगत सांगत, आणि मधे मधे श्रोते उठून पाद्रीला शंका विचारतात नि तो उत्तर देतो, म्हणजे हे सदर मी काढलं असं समजू नका, चारशे वर्षांपूर्वीच निघालंय. भाषा सुरुवातीला अडते, ज्ञानेश्वरी वाचणाऱ्याला अडणार नाही. मंगळूरला १९०७ मधे जोसेफ सालढाणांनी ते पुन्हा छापलं, नंतर देवनागरीतही निघालं. आजोबांच्या ओव्या कोणाला पाठ असतील तर मोबाईलवर रेकॉर्ड करून ठेवा, हे आजच करा.

प्रश्न (सोलापूर) : सगळं ठरलेलंच आहे तर प्रार्थना कशाला करायची?

उत्तर : अक्वायनसने उत्तर देऊन ठेवलंय, प्रार्थना देवाचं मन वळवायला नसते, काही गोष्टी प्रार्थनेतूनच द्यायच्या असंही त्या योजनेतच ठरलेलं आहे. मागणं हेही ठरलेल्यातच आलं. तेव्हा मागा.

प्रश्न (मिरज) : आमच्या महिला मंडळात ह्या विषयावर अभ्यास घ्यायचाय. कुठून सुरू करू? रोमकरांस पत्र ९ घेऊ का?

उत्तर : घ्या, पण ९ वर थांबणार असाल तर घेऊच नका. ९, १० आणि ११ हे पौलाने एका दमात लिहिलंय आणि एकाच बैठकीत मोठ्याने वाचायचं, पाऊण तास पुरतो. नवव्यात याकोबावर प्रीती केली एसावाचा द्वेष केला, कुंभार आणि माती, हे सगळं येतं आणि बायकांचे चेहरे उतरतात, तिथेच चहा आला की संपलं, पुढच्या आठवड्यात निम्म्या येत नाहीत. तसंच पुढे जा. दहाव्यात जो कोणी प्रभूचं नाव घेऊन हाक मारेल त्याचं तारण होईल. अकराव्यात बत्तिसावं वचन, देवाने सगळ्यांना आज्ञाभंगात कोंडलं ते सगळ्यांवर दया करावी म्हणून. आणि त्याच्या पुढच्याच वचनात पौल वाद घालायचं सोडून देतो आणि म्हणतो केवढी ही खोली, त्याचे मार्ग कोणाला शोधून काढता येणार. त्यानंतर चहा. मग पुढच्या वेळी इफिस १, सावकाश. डॉर्टचे निर्णय आणि इंग्लंडमधल्या कॅल्व्हिनवाल्यांचा वेस्टमिन्स्टरचा विश्वासाचा कबुलीजबाब कोणी आणलेच तर ते शेवटी ठेवा, आणि वेस्टमिन्स्टरच्या (१६४६) तिसऱ्या प्रकरणाचा आठवा परिच्छेद आधी वाचायला लावा, ज्यात त्या कडक मंडळींनी स्वतःच लिहून ठेवलंय की हा विषय फार जपून, विशेष सांभाळून हाताळावा.